नळाला आलेली आई

रूथ शेवटी घरी परतली. पण ते झालंच नाही असं धरू आणि नावेत बसू.

नाव धरणाच्या मधोमध, बुडालेल्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानावर थांबली. जेकबच्या आईसकट तिथल्या मृतांच्या डोक्यातल्या स्मृतिचिपा विरघळून गावाच्या नळाला उतरल्या होत्या. तेव्हापासून जेकबची बायको रूथ त्याला ‘बाळ्या’ म्हणत होती आणि स्वतःच्याच भाकरीला नावं ठेवत होती.

जेकब पाण्यावर वाकून ओरडला, “आई, माझ्या रूथला सोड!”

“खाली काय ओरडतोस, बाळ्या? मी इथं बसलेय,” शेजारून रूथच्या तोंडाने आई म्हणाली. “कानटोपी घाल आधी.”

“मग रूथ कुठाय?”

“खाली, माझ्या कबरीत. सारखी रडते मेली. शेजारपाजारचे वैतागलेत.”

नावेच्या तळावर खालून टकटक झाली. बाथरूमचं दार रूथ अशीच वाजवायची.

वल्ही मारणाऱ्या पाणीपुरवठा अभियंत्याकडे जेकब घाबरून वळला. अभियंत्याने ओल्या बोटाने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. “लेकरा, तुझा बाप्तिस्मा मीच केला होता,” तो केव्हाच वारलेल्या पाळकसाहेबांच्या आवाजात म्हणाला.

तरी जेकबने हात जोडले. “साहेब, अर्जदाराच्या पत्नीचं तिच्या मूळ शरीरात तातडीने पुनर्वसन करण्यात यावं, ही नम्र विनंती.”