रबरी हात

नर्सिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत विद्यार्थिनीने टेबलावरचा रबरी हात पुसला, सुई धरली आणि वाकून ती त्यालाच म्हणाली, "मुंगी चावेल हं, राणी. एवढीशीच." मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. परीक्षक मॅडमनी पेन आपटलं. "पेशंटला माहिती द्यायची असते, लाड करायचे नसतात. कुठे शिकलीस हे?" "घरी, मॅडम. आजीला रोज इन्सुलिन मीच देते. असं म्हटलं नाही तर ती हात आखडून घेते." "इथे तुझी आजी नाही. एक गुण गेला." मुलीने मान खाली घालून इंजेक्शन दिलं. जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी स्टाफरूमचं दार लोटलं आणि पर्समधून स्वतःचं इन्सुलिन काढलं. एरवी त्या ओठ मिटून झटक्यात टोचून घ्यायच्या. आज सुई पोटाजवळ येऊन थबकली. खोलीत कुणीच नव्हतं. "मुंगी चावेल हं, राणी," त्या पुटपुटल्या, "एवढीशीच."