हिरवा थर

पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमेरिकेत पार्सिपनीला लेकाकडे आलेल्या शैलजाबाईंनी पूजेची उपकरणी घासायला काढली. यतीनची शोकेसमधली रोमन नाणीही हिरवी पडली होती. एका बाजूला राजा, पण मागे कुठलासा देव. त्याला पारोसा कसा ठेवायचा, म्हणून तीही घेतली.

"आई, तो हिरवा थर दोन हजार वर्षांत धातूत मुरलेला होता. त्यालाच तर किंमत," सून कळवळून म्हणाली.

गराजचं दार वाजलं आणि यतीन आत आला.

"चिंच लावलीसुद्धा नव्हती रे," लखलखीत नाणी यतीनपुढे धरत त्या पुटपुटल्या. "नुसत्या पाण्यानंच गेलं."

यतीन पांढराफटक पडला.



ज्याच्या हातात त्याची ग्रीन कार्डची फाइल होती, त्या मॅनेजरला त्यानं कालच यातलं एक नाणं अस्सल म्हणून भेट दिलं होतं.