पलीकडची पोच

थोरल्या भावाचा प्रोग्राम आणि धाकट्याचा प्रोग्राम एकाच कॉम्प्युटरवर, 'जावा' नावाच्या एकाच यंत्रणेच्या पोटात चालायचे. मधे भिंत पक्की, फक्त रोज दुपारी थोरल्याकडून एक निरोप तेवढा पलीकडे जायचा. धाकटा भारी वांड. निरोप मिळाला की आपोआप परत यावी अशी पोच त्यानं लिहून ठेवलेली, "मिळालं रे, दादोबा!"

मग धाकटा वारला. रोज दुपारी ती पोच वाचून थोरल्याचं काळीज फाटायचं. शेवटी आज सकाळी त्यानं धाकट्याचा प्रोग्राम स्वतःच्या हातानं पुसला आणि बाथरूममध्ये जाऊन रडला.

दुपारी नेहमीसारखा निरोप गेला. पोच आली.

"मिळालं रे, दादोबा!"

थोरल्यानं चालू प्रोग्रामांची यादी बघितली. पलीकडे काहीच नव्हतं. त्यानं लिहिलं, "बाळ्या, तू आहेस?"

"आहे की. पण दादोबा, सकाळपासून इथं अंधार का केलायस?"