ठिपके जोडू नका

कंधारच्या ‘उजेड’ महिला गटाच्या डाळ मिलमध्ये सकाळपासून कॉम्प्युटर एकच उत्तर देत होता, आणि ते उत्तर नकाराचं होतं.

पुनमनं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळी सरसर खाली आल्या. वजनकाट्याला तिनं स्वतः जोडलेलं छोटं सर्किट, त्यावर काडेपेटीएवढी स्क्रीन, तिथून यूएसबीची वायर कॉम्प्युटरला. सगळं जागच्या जागी होतं. काट्यावर पाकीट ठेवलं की वजन कॉम्प्युटरमध्ये यावं आणि गटाच्या नावाचं लेबल छापून निघावं, एवढाच प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. पण लिहिलेलं कॉम्प्युटरला चालवता येईल असं करून देणारा कंपायलर काही केल्या दाद देत नव्हता.

दुपारी देगलूरचे व्यापारी मडिवाळप्पा येणार होते. काटा बोलला तर डाळ गटाच्या नावानं त्यांच्या दुकानात जाणार. नाही बोलला तर नेहमीसारखी पोत्यात, बिननावाची. त्यात गटाच्या अध्यक्ष, म्हणजे पुनमच्या सासूबाई सरजाबाई, यांनी अर्ध्या कंधारला सांगून ठेवलं होतं की आमच्या सुनंनं काट्याला वाचा दिली. वाचा अजून फुटायची होती.

“काय म्हनून राहिला त्यो?” सरजाबाईंनी विचारलं.

पुनम लाल ओळी नीट वाचत होती. प्रत्येक ओळीत एकाच जागी प्रश्नचिन्हं होती. तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि तिला हसावं की रडावं ते कळेना. तिथं ‘श्री’ असायला हवं होतं.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यात पहिलं नाव सरजाबाईंनीच घातलं होतं. कामाच्या डोक्यावर श्री पाहिजे म्हणून एका बोटानं, कळा शोधत शोधत. तेव्हापासून कॉम्प्युटरमधलं सगळं काही ‘श्री’ नावाच्या फोल्डरमध्ये, ‘श्री’च्या घरात राहत होतं. हा जुना कंपायलर इंग्रजीपलीकडे काही वाचत नव्हता. त्या घराच्या दारातूनच तो परत येत होता.

“आत्याबाई,” पुनम चाचरत म्हणाली, “ह्याला आपलं श्री वाचता येईना. कामापुरतं दुसरं नाव द्यावं लागंल. इंग्रजीतलं.”

“म्हंजी श्री काढायचं?”

“काढायचं न्हाई. ते राहील तिथंच. काम तेवढं दुसरीकडून करायचं.”

“म्हंजी कामाच्या डोक्यावर न्हाईच की.” सरजाबाई उठल्या. “पहिलं पाकीट, अन् तेबी बिगर श्रीचं. तू शिकलेली हाईस बाई. कर तुला करायचं ते.”

कोनाड्यातला रांगोळीचा डबा घेऊन त्या बाहेर गेल्या. पाकिटं भरणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा डाळ भरायला घेतली.

पुनमनं नवं फोल्डर केलं, त्याला नाव टाकलं, साधं इंग्रजी. प्रोग्रॅम तिकडे हलवला, बटण दाबलं. एकही लाल ओळ आली नाही. कंपायलर शहाण्या मुलासारखा काम उरकून मोकळा झाला. खरं तर तिनं टाळी वाजवायला हवी होती. पण तिला वाईट वाटत होतं. ज्या बाईनं ह्या काट्याचं अर्ध्या गावाला छातीठोकपणे सांगितलं, तिलाच आपण दाराबाहेर बसवलं, असं तिला वाटलं.

ती सासूबाईंना बोलवायला बाहेर आली. सरजाबाई उंबऱ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. फरशीवर त्यांनी श्रीच्या वळणानं ठिपके टाकले होते आणि आता चिमटीत रांगोळी घेऊन रेघ ओढायच्या बेतात होत्या.

“थांबा आत्याबाई! जोडू नका ठिपके!”

“आता रांगोळीबी चालंना का तुझ्या यंत्राला?”

“चालती. तीच चालती!”

काट्यावरच्या त्या छोट्या स्क्रीनला अक्षर कळत नव्हतं. पण ठिपका कळत होता. कुठला पेटवायचा, कुठला सोडायचा, एवढं सांगितलं की झालं. पुनम सासूबाईंच्या शेजारीच फतकल मारून बसली आणि ठिपक्यांच्या उभ्या-आडव्या रांगा तळहातावर पेनानं उतरवून घेऊ लागली. सरजाबाईंना त्यातलं काही उमगलं नाही. पण सुनेनं आपली रांगोळी मांडी घालून शिकावी तशी उतरवून घेतलेली त्यांना आवडली. चिमटीतली रांगोळी त्यांनी परत डब्यात टाकली.

मडिवाळप्पा आले तेव्हा ते ठिपके घालून प्रोग्रॅम नव्यानं तयार झाला होता. बायका काट्याभोवती जमल्या. पुनमनं वायर जोडली.

स्क्रीन काळीच राहिली. कुणीतरी खोकलं. मग एक ठिपका पेटला, त्याच्याखाली दुसरा, मग भराभर सगळे. काडेपेटीएवढ्या त्या जागेत श्री उभं राहिलं. वेलांटी जरा बाहेर झुकलेली, सरजाबाईंच्या हातची असते तशीच.

सरजाबाईंनी डाळीचं पाकीट काट्यावर ठेवलं आणि हात काढायला विसरल्या. आकडा खालीवर नाचू लागला.

“आत्याबाई, हात,” पुनम हळूच म्हणाली.

हात निघाला. आकडा पाचशे ग्रॅमवर थांबला. तोच आकडा कॉम्प्युटरवर उमटला आणि छपाईच्या यंत्रातून लेबल बाहेर आलं: उजेड महिला गट, कंधार.

मडिवाळप्पांनी चष्मा सारखा करत वाकून पाहिलं. “ब्येस हाय की. कोन्या कंपनीचं यंत्र म्हनायचं हे?”

पुनम काही बोलणार तेवढ्यात सरजाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

“त्यातलं श्री तेवढं माझं,” त्या म्हणाल्या. “बाकी समदं माझ्या सुनंचं.”