भिंतीकडे तोंड केलेला कप

"भाऊजी, उतरताय ना पाण्यात?" मेहुण्याने ओल्या अंगाने वाकून विचारले. चॅम्पियनच्या वर्तमानपत्रावर समुद्राचे चार थेंब पडले. तेवढ्यानेही तो दचकला.

"उतरतो. जेवण जिरू दे."

"सकाळी नाश्ता जिरत होता."

"तुझ्या बहिणीच्या हातचं खाऊन बघ, मग बोल."

"हॉटेलात जेवतोय आपण, भाऊजी!" मेहुणा हसत हसत आइस्क्रीम आणायला गेला.

चॅम्पियनला पोहता येत नव्हते. पाण्याशी त्याचा संबंध पाणीपुरवठा खात्यातल्या टेबलापुरता. तिथेही पाणी बहुतेक कागदावरच येई. पण लग्न ठरताना मुलीवर छाप पाडायच्या नादात 'मी पोहण्यात चॅम्पियन होतो' असे त्याच्या तोंडून निघून गेले. पुराव्यादाखल एक कपही होता. तो कॅरमचा. म्हणून शोकेसमध्ये तो अक्षरे भिंतीकडे करून उभा असे. सासरी सगळे त्याला चॅम्पियन म्हणू लागले. समुद्र लांब होता तोवर हे बिनबोभाट चालले. यंदा मेहुण्याने परस्पर हॉटेल ठरवले, तेही पायरी उतरली की वाळू लागेल असे. तेव्हापासून चॅम्पियनचे सतत काहीतरी जिरायचे राहत होते.

त्याने वर्तमानपत्र भिंतीसारखे समोर धरले. म्हणजे पाणी दिसत नसे. ऐकू मात्र येई. दर लाट त्याचे नाव घेऊन फुटत होती.

बायको शेजारी छत्रीखाली पाय पसरून बसली होती. मांडीवर टॉवेल, एक हात टॉवेलखाली, नजर पाण्यावर. तिचे सगळे असेच निवांत. बॅग भरताना तिने कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीचे अख्खे भेंडोळे कोंबले, तेव्हा तो म्हणाला होता, "सुट्टीला चाललोय की धुणी धुवायला?"

"लागेल," एवढेच ती म्हणाली होती.

"बाबा!"

वर्तमानपत्र खाली आले. वारा फिरला होता. रबरी ट्यूबमध्ये बसलेली त्यांची लेक चिमणी काठाजवळून पार आत गेली होती आणि दोन्ही हात हलवत होती. ट्यूब तिच्यासकट छोटी होत चालली होती.

"बाबा! बाबा!"

चॅम्पियनने वर्तमानपत्र फेकून दिले. तो उठला.

"अहो, थांबा!" बायको ओरडली. "तुम्ही नका जाऊ!"

तो केव्हाच धावत सुटला होता. पाणी घोट्याला लागले, गुडघ्याला लागले, छातीवर आदळले. पुढचे पाऊल टाकले आणि खाली जमीनच नव्हती. नाकातोंडात खारट पाणी गेले. डोळ्यांपुढे हिरवा अंधार. वर येताना त्याला दिसले ते शोकेसमधल्या कपाचे पाठमोरे बूड. आता लोक शोकसभेत तो कप सरळ करणार, एवढे त्याच्या मनात आले आणि तो पुन्हा खाली गेला.

हाताला रबर लागले. ट्यूब जणू त्याच्यासाठी थांबली होती. त्याने तिला मिठी मारली.

"बाबा, बुडवताय तुम्ही मला!" चिमणी किंचाळली.

तो हातपाय मारू लागला. कसेही, कुठेही. प्रत्येक लाट डोक्यावरून जाई आणि दर वेळी त्याला वाटे, ही शेवटची. पण काठ जवळ येत होता. आपल्याला पोहता येतेय? त्याने डोळे मिटले आणि आणखी जोरात लाथा झाडल्या. अखेर गुडघ्याला वाळू लागली.

हातात वितळती आइस्क्रीम घेऊन मेहुणा उभा होता. "मानलं, भाऊजी! चॅम्पियन तो चॅम्पियन!"

चॅम्पियन वाळूवर ओणवा होऊन समुद्र ओकत होता. त्याने हात वर केला, 'त्यात काय एवढं' अशा अर्थाने. चिमणी मामाकडे पळाली.

मग त्याला ट्यूबच्या कडीला गाठ दिसली. गाठीपासून निघालेली निळी दोरी वाळूतून थेट बायकोच्या हातात गेली होती. ती अंगठा आणि कोपराभोवती दोरीचे भेंडोळे करत होती. तिचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते.

"तू... ओढत होतीस?" त्याने विचारले. "आणि मग मला 'थांबा' कशाला म्हणालीस?"

भाऊ ऐकत नाही ना, हे तिने मान वळवून पाहिले. मग नवऱ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकताना ती हळूच म्हणाली,

"कॅरम खेळणाऱ्या माणसाला समुद्रात कशी जाऊ देऊ?"