इदामचं रडू

इदाम काही केल्या रडेना.

बस सुटायची, आईने खिडकीतून तोंड फिरवायचं आणि फलाटावर उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या इदामने हंबरडा फोडायचा, एवढाच तर प्रसंग चित्रित करायचा होता. सकाळपासून बस कितीदा सुटली आणि कितीदा मागे आली, देव जाणे. पोर आपली आईने खायला दिलेलं किंबाप, भाताची ती गुंडाळी, हातात धरून टकामका बघत उभी. गांगनुंग गावचा सूर्य डोंगराआड चालला होता आणि थंडीने सगळ्यांची नाकं लाल झाली होती.

मालिकेतल्या आईचं काम सेबोम करत होती. बारा वर्षांनी ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली होती, आणि तेही कशामुळे, तर तिचे डोळे इदामच्या डोळ्यांशी जुळतात म्हणून.

"आज झालं नाही तर उद्या दुसरी पोर आणतो," दिग्दर्शक नाम साहेब कॉफीचा कागदी पेला चुरगाळत म्हणाले. "आणि पोर बदलली की आईही बदलली, सेबोम. चेहरे जुळायला नकोत? माझाही नाइलाज आहे."

सेबोमने मान हलवली.

सात वर्षांची असताना हीच सेबोम अख्ख्या देशाची रडकी पोर होती. संध्याकाळची मालिका लागली की घरोघरच्या बायका भाताचा घास हातात धरून तिच्याबरोबर डोळे पुसायच्या. पुढे तिची उंची वाढली, जबडा रुंदावला, आणि फोन यायचे बंद झाले. मग तिने कानाला हेडफोन लावून विमा विकला, लोकांच्या लग्नांत सूत्रसंचालन केलं, आणि 'अय्या, तुम्ही त्याच ना?' ऐकून ऐकून तिचे कान किटले. रडू मात्र जे आटलं ते आटलंच. आई वारली तेव्हाही डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हिला रडायचेही पैसे मोजावे लागतात, असं नातेवाईक कुजबुजले.

नाम साहेब त्या जुन्या मालिकेत सहायक होते. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी आई तुझ्या कानात काहीतरी सांगायची बघ. सांगितलं रे सांगितलं की तुझा नळ सुरू. तेच सांग ना हिला."

ते वाक्य सेबोमने आजवर कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. 'रडली नाहीस तर आई तुला इथेच टाकून जाईल.' आणि आई नुसतं सांगून थांबली नव्हती. एकदा ती खरोखरच निघून गेली होती. सेटवरचे दिवे मालवले, माणसं पांगली, तरी आली नव्हती. अजूनही कुणाला घरी यायला जरा उशीर झाला की सेबोमचे हातपाय गार पडत.

"साहेब, लहान आहे हो ती."

"मग तू काय म्हातारी होतीस?" नाम साहेब हसले. "मेलीस का त्याने? उलट नाव झालं तुझं."

इदामची खरी आई शेजारीच उभी होती. तिने पोरीच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली. "सांगा हो बाई, काय सांगायचं ते सांगा. मी जाते तिकडे. मी दिसले की ती लाडात येते." आणि ती तिकीटखिडकीमागे गेली. ती दिसेनाशी झाली तरी इदाम तिकडेच बघत राहिली.

सेबोम फलाटावर गुडघे टेकून बसली. हे काम गेलं तर पुन्हा तो हेडफोन, पुन्हा ती विम्याची टकळी. तिसरी संधी कुणी देणार नव्हतं. तिने पोरीच्या कानाशी तोंड नेलं, आणि तिच्या तोंडून थेट तिच्या आईचाच आवाज बाहेर पडला.

"इदाम, तू रडली नाहीस ना, तर तुझी आई..."

पोरीचा खालचा ओठ थरथरला. डोळे काठोकाठ भरले. आणि मग तिने मान वर केली, नाक ओढलं, मूठ आवळली आणि सगळं पाणी परत आत घेतलं. सेबोम बघतच राहिली. रडू न येणं वेगळं आणि आलेलं गिळणं वेगळं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तुला येतंय की," ती कुजबुजली.

इदाम भेदरली. तिने सेबोमची बाही घट्ट धरली. "सांगू नका ना मावशी. आईला तर मुळीच नका सांगू. मी पांघरुणात रडून बघितलंय, मला छान येतं. पण इथे एकदा रडले ना, की मला रोज बोलावतील. आमच्या अ‍ॅक्टिंगच्या क्लासमधल्या नायूनला बोलावतात. ती आता झोपेतही रडते."

वाक्याचा उरलेला तुकडा सेबोमच्या जिभेवर होता. तेवढा सोडला असता तर पोरीचा बांध फुटला असता, आणि उद्यापासून दोघींनाही काम होतं. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"काय गं, जमतंय का?" नाम साहेबांनी तिकडून विचारलं. "उजेड चाललाय." तिकीटखिडकीमागून इदामची आई मान काढून बघत होती.

सेबोम उठली. इदामचा हात तिने सोडला नाही.

"नाही साहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझं सगळं लहानपण यातच गेलंय, मला कळतं. या पोरीला रडता येत नाही, आणि कधी येणारही नाही."