मढ्याचं सोंग

संतरामला खुर्चीवर बसवून धोतरानं छातीशी बांधलं होतं. डोक्याला लग्नातला फेटा, डोळ्यांत काजळ, कपाळाला बुक्का. पहाटे तापानं जीव गेला, आणि अंग ताठायच्या आत भावकीनं मोठा शहाणपणा करून त्याला बसतं करून ठेवलं. कळमनुरीचा फोटोवाला उत्तमराव कॅमेरा घेऊन डोंगरकड्याला पोचला तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती.

"फोटोची एकच काच हाय माझ्यापाशी," तो संतरामच्या बायकोला, नर्मदाबाईला म्हणाला. "लढाईपायी हैदराबादेतबी मिळून न्हाई राहिल्या. पण घेतो बराबर, वहिनी. डोळे मागून रंगानं उघडून देईन."

"पोरीला बापाचं तोंड कळावं, भाऊजी. दुसरं काई नको."

उत्तमरावला ते लागलं. या जिवलग दोस्ताचे ढीगभर फोटो काढले होते त्यानं, आणि एकातही धड माणसाचं तोंड नव्हतं. दोघांनाही भुताखेतांचं भारी वेड. कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ घेऊन संतरामनं मुंज्या करावा, चेटकीण करावी, कवटीला झुपकेदार मिशा काढाव्यात. आणि उत्तमरावनं हातातलं गिऱ्हाईक सोडून ते मुखवटे चढवलेल्या संतरामचे फोटो काढायला पळत यावं. बायकोसोबत एक साधा फोटो काढ म्हटलं, की संतराम पुढच्या शिमग्यावर ढकलायचा. आता कुठला पुढचा शिमगा.

शिमग्यात त्याचं ठरलेलं सोंग मढ्याचं. नाकात कापूस घालून तिरडीवर काठीसारखा सरळ पडायचा. उत्तमराव पुढं मडकं धरून गळा काढायचा आणि सगळं गाव खोटं खोटं रडायचं. वेशीबाहेर विसाव्याच्या लिंबाखाली तिरडी टेकली, की मढं ताडकन उठून बोंब ठोकायचं. लेकरं वर्षभर त्या बोंबेची वाट बघायची.

उत्तमरावनं काळ्या फडक्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर संतराम उलटा दिसला, अगदी निवांत. जन्माची सवय, शब्द आपसूक निघून गेले.

"हलू नको रे."

ओसरीवरचं रडणं थांबलं. उत्तमरावला फडक्याबाहेर यायची लाज वाटली. तेवढ्यात बापाकडं बघत आईच्या पदराआडून चिमुरड्या शालूनं विचारलं, "आई, दादानं कोन्चं सोंग घेतलंय?"

नर्मदाबाई उठून आत गेली आणि मुखवट्यांच्या मागं सारलेला एक फोटो घेऊन आली. गेल्या शिमग्यातला, तिरडीवरचा संतराम. असलं अभद्र घरात नको म्हणून ती नवऱ्याशी भांडली होती, आणि बिघडला म्हणून उत्तमरावही तो फाडायला निघाला होता. कापूस, फुलं, सुतळीच्या गाठी, सगळं लख्ख आलं होतं. फक्त ओठांपाशी बोटानं पुसल्यासारखं झालं होतं. ऐन वेळी मढ्याला हसू आलं होतं.

"ह्याच्यात हाललेत ते," नर्मदाबाई म्हणाली. "ह्योच लावीन भिंतीला. सोडा आता त्यायला."

उत्तमरावनं फोटो न घेताच कॅमेरा मिटला.

धोतर सोडलं, पण गुडघे सरळ होईनात. म्हाताऱ्यांनी दाबून पाहिले, आणि शेवटी तसाच, बसल्यासारखा, त्याला तिरडीला बांधला. दर शिमग्याला मढं हुबेहूब वठवणाऱ्या माणसाला खरं मढं काही नीट जमलं नाही.

मडकं या खेपेला संतरामच्या थोरल्या भावानं धरलं. उत्तमराव खांद्याला लागला. विसाव्याच्या लिंबाखाली तिरडी टेकवली. तिथं खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि लगेच उचलायची, एवढंच असतं. पण चौघंही तिरडीकडं बघत उभे राहिले. मागची माणसंही जागच्या जागी थांबली. कुणी वाकेना.

शेवटी उत्तमरावच वाकला.

"उचला," तो म्हणाला. "न्हाई उठत त्यो."